राखाडी सूट रशीदभाईंना दिला

अहो,

वर ‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात पुढं सरेना. सगळ्या संसारात तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आता कुठं सुरुवात करू? ‘अहो’ म्हटलं की तुम्ही घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ‘आलो आलो’ म्हणायचात, आणि यायचात मात्र तुमच्या सवडीनं. तेवढंच बरं आहे.

आज सकाळी मी तुमचा राखाडी सूट रशीदभाईंना देऊन टाकला. आपल्या लेकीच्या, प्राजूच्या लग्नातला. कव्हरसकट, हँगरसकट. पत्राचं कारण एवढंच. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं! हसू नका. तुमच्या कानावर आता कोण घालणार, हे मलाही कळतं. पण प्राजू फोनवर रडली, तिला मला धड समजावता आलं नाही. आडवी पडले तर डोळा लागेना. भांडी तशीच सिंकमध्ये टाकून बसलेय. तुम्हाला तरी नीट सांगता येतंय का बघते.

दमलेय हो मी. तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, आता तुमची पळापळ संपली, जरा आराम करा. वर्षश्राद्ध होऊन महिना उलटला, तरी सोमवार, बुधवार, शुक्रवार उजाडला की अंगात घाई शिरते. रिक्षावाल्याला सांगितलं का? फाईल घेतली का? डबा भरला का? मग आठवतं, कुठंच जायचं नाहीये. आणि कुठं न जाताही संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात. असं कसं होतं?

तर सूट. तुमचं आणि सुटाचं पहिल्यापासून जमलं नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल.

आपल्या लग्नातला आठवतो? चॉकलेटी! कापड आमच्या आबांनी हौसेनं घेतलं आणि शिवायला टाकलं तुमच्या गावच्या शिंप्याकडं. त्या बिचाऱ्यानं जन्मभर पायजमे आणि बंड्या शिवलेल्या. कोटाचे खांदे तुमच्या खांद्यांच्या पुढं चार बोटं उतरलेले, आणि बाह्यांतून नुसती नखं दिसत होती. अंतरपाट खाली झाला, मी मान वर केली, तर आधी मला कोट दिसला आणि मग तुम्ही. माझी मैत्रीण मागून कुजबुजली, “सुनंदा, आत कुणी आहे का गं?” हसू दाबताना माझा हार तिरका पडला. तुम्हाला वाटलं, मी लाजले. पुढं कितीतरी वर्षं तुम्ही सगळ्यांना तेच सांगत होतात आणि मी सांगू दिलं.

त्या कोटानं खरी नोकरी केली ती कारखान्यावर. तुम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग संपता संपायची नाही, राहुरीकडची थंडी हाडात शिरायची, आणि तुम्ही स्वेटरवर तो लग्नातला कोट चढवून काट्याच्या खिडकीत बसायचात. स्वेटरवर तो नेमका बसायचा! घरी आलात की त्याला मळीचा आंबूस वास. “बघ, शिंप्याला म्होरलं दिसलं हुतं,” तुम्ही म्हणायचात.

दुसरा काळा. निवृत्तीच्या समारंभासाठी माझ्या भावानं, सुरेशनं, नगरच्या कापडबाजारातून तयारच आणला. मापाला तुम्हाला नेलंही नाही. पोटावर बटण लागायचं, पण मग खाली बसायचं काम नाही. तोच घालून तुम्ही सुरेशच्या मुलाच्या लग्नाला गेलात, भर दुपारच्या मुहूर्ताला. पंगतीजवळ उभे होतात. एका पाहुण्यानं चुटकी वाजवून म्हटलं, “ओ, इकडं पाणी बघा जरा.” आणि तुम्ही दिलंत! वर विचारलंत, “मठ्ठा आणू का?” घरी येईपर्यंत तुम्ही तो किस्सा सांगून सांगून हसत होतात. पण तो सूट परत अंगाला लावला नाहीत. तेव्हा मला कळलं, हसलात तरी ते कुठंतरी लागलं होतं.

मग तुमच्या किडन्यांनी हात टेकले. राहुरीचं घर बंद करून आपण नगरला सावेडीत हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, दवाखाना जवळ म्हणून. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जाताना वजन करायचे, मशीनवरून उतरलात की परत वजन. दोन्हींत जो फरक तेवढं पाणी अंगातून काढलेलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिथल्या सिस्टरला म्हणालात, “आयुष्यभर आमी उसाच्या गाड्या तोलल्या. भरलेल्या एकदा, रिकाम्या एकदा. आता आमची गाडी काट्यावर आली, बाई!” ती हसली. सगळा वॉर्ड हसला. मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून ऐकत होते. मला हसू आलं नाही. तुम्ही कुठंही माणसं गोळा करायचात आणि मी पिशव्या सांभाळायची, असंच चाललं होतं आपलं.

तिथंच रशीदभाई भेटले. शेजारच्या पलंगावर. मोटार रिवायंडिंगचं दुकान, तुमच्याहून बुटके, तुमच्याहून बडबडे. दोघांच्याही डाव्या दंडापासून कोपरापर्यंत डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली ती शीर फुगलेली, दोरखंड कातडीखाली घातल्यासारखी. सुया तिथंच टोचायच्या. त्या हातावर घड्याळ नको, ओझं नको, घट्ट बाही नको, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बजावलेलं.

आणि अशा हाताच्या माणसाला सूट हवा होता!

प्राजूचं लग्न ठरलं, नाशिकची माणसं, चांगली माणसं. मी म्हटलं, तुम्हाला सैलसर सुती झब्बा घेऊ, वर जाकीट, डोक्याला फेटा. दिसायलाही छान, हातालाही सोपं. दोन दिवसांनी रिक्षात एकदम म्हणालात, “सुनंदा, मला सूट शिवायचाय. नीट मापाचा. आजवर एक बी सूट माझ्या अंगाचा नव्हता.”

“आता? ह्या अवस्थेत?”

“आताच. फोटोत मी पेशंट दिसायला नको. उद्या प्राजूच्या लेकरांनी फोटो बघितला तर म्हनली पाहिजेत, आमचे आजोबा लई भारी हुते.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला काय काय दिसत होतं सांगू? कार्यालयाची गडबड, आहेराच्या साड्या, तुमचं बिनमिठाचं जेवण, मोजून दिलेलं पाणी, आणि त्यात आता शिंप्याकडच्या चकरा. तुम्हाला हौस सुचली की ती पायांनी चालवायची मीच ना! हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. रागावून नाही, उगाच.

मग तुमचा अभ्यास सुरू झाला. डावा हात मशीनला, उजव्या हातात मोबाईल. चार-चार तास सुटांचे व्हिडिओ! रशीदभाईंना ऐकवत बसायचात. कोटाची खांद्याची शिवण हाड संपतं तिथंच संपली पाहिजे. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली पाहिजे, आतल्या शर्टाची पट्टी बोटभर दिसली पाहिजे. कॉलर मानेला टेकली पाहिजे. खालचं बटण कधी लावायचं नाही. पँट बुटावर एकदाच मोडली पाहिजे, अकॉर्डियनसारख्या घड्या नकोत.

“साहेब, आणि रंग?” रशीदभाई विचारायचे.

“दुपारच्या मुहूर्ताला काळा न्हाई. काळा संध्याकाळच्या रिसेप्शनला. साखरपुड्याला फिका चालंल. लग्नाला निळा नायतर राखाडी.”

“मग मयतीला?”

“मयतीला आपल्याला कोण सूट घालतंय, रशीदभाई!” आणि दोघं असे खदखदले की तुमच्या मशीनचा अलार्म वाजला. सिस्टर धावत आली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. आणि तुम्ही हसत होतात. असं करतात का?

सावेडीतल्याच एका टेलरकडं गेलो. जाताना कापडबाजारातून कापड घेतलं होतं, तुम्हीच निवडलंत, बोटांत चुरगळून सोडून, सुरकुती राहते का बघत. मास्टर तरुण होता, कानाला मोबाईल. त्यानं भराभरा माप घेतलं, डाव्या हाताशी आला आणि थबकला.

“काका, हे काय झालंय?”

“ही माझी पाइपलाइन हाय,” तुम्ही म्हणालात. “हिला धक्का लागता कामा न्हाई.”

माप दिलं तो रविवार होता. पहिल्या ट्रायलला गेलो तो मंगळवार, आदल्या दिवशी डायलिसिस झालेला. कोट ढगळ! मास्टर वैतागला. त्यानं दोन्ही बाजूंनी आत घेतला. पुढची ट्रायल परत रविवारी, दोन दिवसांचं पाणी अंगात साचलेलं. आता बटणं लागेनात.

“काका, रोज माप बदलायला लागलं तर मी काय करू? एकदा काय ते ठरवून या,” तो फटकन म्हणाला.

तुमचं तोंड उतरलं. काळ्या सुटाच्या वेळी हसला होतात, इथं हसला नाहीत. तेव्हा मी पुढं झाले. खरं सांगते, सुटासाठी नव्हे, तुमच्या त्या उतरलेल्या तोंडासाठी. मी त्याला म्हटलं, “लग्न गुरुवारी आहे. बुधवारी ह्यांचं डायलिसिस. म्हणजे त्या दिवशी ह्यांचं अंग मंगळवारच्या मापाचं असणार. तुम्ही मंगळवारचं माप धरा. आत कापड सोडून ठेवा. आणि डावी बाही वरून मोकळी, आत मऊ अस्तर.” तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मास्टरला म्हणालात, “लिवून घे. रिकाम्या वजनाचा सूट शिवायचा.” बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना तुम्ही माझा हात धरलात. भर रस्त्यात! मला इतकं अवघडल्यासारखं झालं. सोडवून घ्यायचंही त्राण नव्हतं, म्हणून राहू दिला. बरं झालं.

पण तुम्ही एक गोष्ट माझ्यापासून लपवलीत, आणि तिच्याबद्दल मी अजून तुमच्यावर रुसलेली आहे. मंगळवारपासून तुम्ही पाणीच जवळजवळ बंद केलंत. मी दिलेला पेला गॅलरीतल्या तुळशीत ओतत होतात. का? कोट लागला पाहिजे म्हणून! बुधवारी मशीनवरून उतरलात तेव्हा तुमचे गाल आत गेले होते. मी विचारलं, तर म्हणालात, “लग्नाची दगदग.” दगदग माझी आणि गाल तुमचे!

गुरुवारी सकाळी कार्यालयातल्या खोलीत तुम्ही तयार झालात. सुजलेल्या पायांसाठी एक नंबर मोठे बूट घेतले होते, ते त्या दिवशी सैल झाले. तुम्ही दाराशी उभे राहून विचारलंत, “कसा दिसतोय?” मी म्हटलं, “पाय दाखवा, सूज आहे का?” एवढंच. इकडून पुरोहित हाका मारत होते, तिकडून आचारी. मी वाकून तुमचे पाय बघितले आणि निघून गेले. वर बघितलंच नाही. सूट कसा बसलाय, हे मी पहिल्यांदा व्हिडिओत बघितलं, तुम्ही गेल्यावर. फार छान दिसत होतात हो! खांदे बरोबर, कॉलर मानेला टेकलेली, अबोली फेटा. तुमचा तो हवा होता तसा फोटो आला. पण हे तेव्हा तोंडानं सांगायला मला काय झालं होतं?

मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना प्राजूचा मामेभाऊ धावत आला. तुम्ही खोलीत खुर्चीवर वाकडे झाला होतात. पोटऱ्यांत गोळे आले होते, दगडासारखे. चेहरा पांढरा. मी खाली बसून पाय चोळायला लागले. “कोट काढा आधी,” मी ओरडले. तुम्ही नाही म्हणालात. दात आवळून नाही म्हणालात! बाहेर बँड वाजत होता, प्राजू बाहेर बोहल्यावर जायला उभी, आणि मला वाटलं, आता ह्याच खोलीत सगळं संपतंय.

तेवढ्यात रशीदभाई आत आले. त्यांच्याही तब्येतीची तुमच्यासारखीच गत, भिंतीला धरत धरत आले. बघताक्षणी त्यांना कळलं.

“साहेब, पाणी किती दिवस प्यायला नाही?”

तुम्ही तोंड फिरवलंत.

“भाभी, अर्धा पेला पाणी, चिमूटभर मीठ. मी डॉक्टरला फोन लावतो.” त्यांनी खरंच फोन लावला, विचारलं, आणि मग पेला तुमच्या तोंडाला धरला. “प्या. कोट नाही लागला तरी चालतंय. पोरगी लागली पाहिजे ना मार्गाला?”

तुम्ही प्यायलात. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही पीत होतात. तुमचं रडणं मी त्या आधी कधी बघितलं नव्हतं. गोळे हळूहळू सुटले. रशीदभाईंनी तुमचं बटण मोकळं केलं, फेटा सरळ केला, आणि तुम्ही उठलात. मंगलाष्टका संपेपर्यंत उभे राहिलात. बटण न लावता. कुणाच्या लक्षातही आलं नाही!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. श्रावणात तुम्ही गेलात. त्याबद्दल मला लिहायचं नाही. दवाखान्यातली ती हिरवी चादर, तो वास, माझ्या हातात तुमचा चष्मा. बस्स.

आता आजचं सांगते.

सकाळी बेल वाजली. रशीदभाई आणि त्यांची बायको शमीमभाभी. मोठ्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याचं आवतण घेऊन आलेले. दोन जिने चढून रशीदभाईंना धाप लागली होती. त्यांना बसवलं, चहा ठेवला, अर्धाच कप. मोजून द्यायची सवय हाताला आहेच. लग्न पुढच्या आठवड्यात, आणि त्यानंतरच्या रविवारी वलीमा, म्हणजे मुलाकडचं जेवण. “भाभी, तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजे,” ते म्हणाले.

मी सहज विचारलं, “मग तुम्ही काय घालणार?”

त्यांनी डावी बाही वर केली. शीर आता आणखी जाड झालीय त्यांची. “तीन दुकानं फिरलो. रेडिमेड कोट कोपराच्या वर जातच नाही. एका ठिकाणी तर निघता निघेना, दुकानदार घाबरला. नवा शिवायला टाकावा तर मास्टरकडं चकरा कोण मारणार? पोरं कामात. जाऊ द्या, पठाणी घालीन. ह्या वयात मला कोण बघतंय?”

शमीमभाभी खाली बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालंय. डाव्या पायातली चप्पल त्यांनी हळूच काढून टाच जमिनीला घासली, दवाखान्यातल्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून बसून टाच दुखते ना, तशी. मला ओळख पटली. कुणाची, ते तुम्हाला कळेल.

मी उठले, कपाट उघडलं आणि सूट आणला. ठरवून नाही केलं. कव्हरची चेन उघडली तेव्हा रशीदभाई उभेच राहिले.

“नाही भाभी. हा साहेबांचा आहे.”

“साहेबांचाच आहे. म्हणून तर तुमचा हात त्यात जाईल.”

“नको भाभी.” त्यांनी हात मागं घेतले. मग माझं लक्ष शमीमभाभींकडं गेलं. त्यांचा चेहरा आवळला होता. त्या अगदी हळू म्हणाल्या, “बुरा मत मानो भाभी. पर… ह्यांना पण तोच आजार आहे ना.”

मला राग नाही आला. खरंच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि कदाचित इतकं हळू म्हटलं नसतं. गेलेल्या माणसाचा कपडा, तोही त्याच दुखण्यानं गेलेल्याचा. आनंदाच्या दिवशी. कुठली बायको घालू देईल?

मी कोट मांडीवर घेऊन बसले. मग मनात आलं ते बोलले. म्हटलं, “भाभी, हे गेले ते दवाखान्याच्या कपड्यांत. ते कपडे मी घरी आणलेसुद्धा नाहीत. हा सूट त्यांनी एकच दिवस घातला. त्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा ह्यांनीच पाणी पाजलं आणि उभं केलं. नंतर हे सगळ्या पाहुण्यांत हिंडले, प्रत्येकाला जिलेबी घ्या म्हणाले. त्या आजाराच्या सगळ्या वर्षांत हा एक दिवस असा होता की कुणी ह्यांना ‘तब्येत कशी आहे’ असं विचारलं नाही. ह्या सुटात ते आजारी नव्हते. तुम्हाला नको असेल तर मी परत ठेवते. मनात काही आणणार नाही.”

चहावर साय धरली. मग शमीमभाभी उठल्या, माझ्या मांडीवरून कोट घेतला आणि नवऱ्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत कोट उघडून धरून. “घाला,” त्या म्हणाल्या.

डावा हात आत गेला. अडला नाही, घासला नाही, सरळ मनगटापर्यंत गेला. रशीदभाईंनी हात वर केला, खाली केला, कोपरातून वाकवला. मग ते रडायला लागले. आवाज न करता. “साहेब शिकवून गेले ना मला सगळं,” ते म्हणाले, “शिवण हाडावर आली पाहिजे. बघा भाभी, आलीय का?”

नव्हती आली. थोडी पुढं उतरत होती, आणि पँट तर चांगलीच लांब. मी सांगितलं, आलीय. मग म्हटलं, पँट तेवढी मास्टरकडून करून घ्या. जाताना शमीमभाभींनी दारात माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात खरखरीत आणि गार होते.

ते गेले आणि मी प्राजूला फोन लावला. मला वाटलं, तिला बरं वाटेल. पण ती म्हणाली, “आई, मला एकदा विचारायचं तरी! तुझ्याकडं बाबांचं सगळं आहे. घर आहे, भांडी आहेत, त्यांची खुर्ची आहे. माझ्याकडं काय आहे? त्या बाहीला धरून मी बोहल्यावर गेले होते.” आणि रडतच फोन ठेवला. हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा आचाऱ्याशी बोलत होते ना. तिनं तुमची बाही धरली होती, हे तुम्हीही मला कधी सांगितलं नाहीत!

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. फोन आला, प्राजूचाच. आवाज बसलेला.

“आई, बसला का त्यांना?”

मी म्हटलं, “हात नीट गेला. खांद्याला थोडा सैल आहे.”

“आणि पँट?”

“लांब होतेय.”

मग म्हणाली, “त्यांना सांग, फार आखूड करू नका. बुटावर एकदा मोडली पाहिजे.” आणि मग, “वलीम्याला मीही येते. तू एकटी जाऊ नकोस.” मला नुसतं ‘हो’ म्हणवलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. दमल्यामुळं असेल.

तर झालं हे असं. रागावला असाल तर रागवा, आता काय करता येणार? पण मला वाटत नाही तुम्ही रागवाल. तुम्ही असतात तर माझ्या आधी कपाट उघडून उभे राहिला असतात आणि वर दोन तास व्हिडिओ दाखवले असतेत.

आता पत्र संपवण्यापूर्वी एक शब्द देते. वलीम्याला कुठली साडी नेसावी म्हणून मघाशी साड्या काढल्या. एकाही साडीवरचा ब्लाऊज अंगाला येत नाही. काही दंडात रुततात, काही पाठीवर लोंबतात. तुमच्या आजारपणाच्या सगळ्या वर्षांत मी स्वतःसाठी एकही शिवला नाही. कुणी माझं माप घेतलंच नाही, आणि मीही ते द्यायला गेले नाही. उद्या बुधवारी मी खालच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या वैशालीकडं जाणार आहे. जुना ब्लाऊज पुढं टाकून ‘ह्याच्यावरून शिव’ असं म्हणणार नाही. हात लांब करून, सरळ उभी राहून, माझं आत्ताचं माप देणार आहे. वलीम्यापर्यंत झाला तर झाला. नाही झाला तर पुढं कधीतरी घालीन. पण देणार, हे नक्की.

तुमची,
सुनंदा